‘बेअर’ नावाचं भरलं घर

पहिलीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, ‘बेअर’ म्हणजे काय? उत्तर तयार असतं: अस्वल. पुस्तकात चित्र आहे, कपाटात टेडी आहे, विषय संपला. मग सहावी-सातवीत हाच शब्द क्रियापद होऊन समोर येतो आणि गोंधळ सुरू होतो. झाड फळं ‘बेअर’ करतं. साक्षीदार साक्ष ‘बेअर’ करतो. कंपनी प्रवासखर्च ‘बेअर’ करते. आई मूल ‘बेअर’ करते. कस्टमर केअरवाली मुलगी ‘बेअर विथ मी’ म्हणत आपल्याला दहा मिनिटं लटकवून ठेवते. शब्दकोश उघडावा तर अर्थांची ही लांब रांग: वाहणे, सोसणे, पेलणे, बाळगणे, जन्म देणे. मूल वैतागतं आणि आपणही कंटाळून सांगून टाकतो, पाठ कर.

पाठ करण्याची खरं तर गरज नाही. या सगळ्या अर्थांच्या मुळाशी एकच चित्र आहे. डोक्यावर घागर घेतलेली बाई डोळ्यांसमोर आणा. तिने ओझं उचललं आहे, ते धरून ठेवलं आहे आणि ती ते घेऊन चालली आहे. एवढंच ‘बेअर’. आता वरची वाक्यं पुन्हा बघा. आंब्याचं झाड फळांचा भार धरतं. साक्षीदार स्वतः पाहिलेलं न्यायालयापर्यंत वाहून नेतो. कंपनी खर्च आपल्या अंगावर घेते. ‘बेअर इन माइंड’ म्हणजे मनात धरून ठेवा, खाली टाकू नका. ‘बेअर अ ग्रज’ म्हणजे डूख धरणं. इथे मराठीनेही ‘धरणं’च वापरलंय. ‘बेअर विथ मी’ म्हणणारी मुलगी म्हणते, थोडा वेळ माझ्याबरोबर तुम्हीही हे पेला. आणि ‘आय कान्ट बेअर इट’ म्हणजे आता पेलवत नाही, घागर खाली ठेवते.

अस्वलाचं मात्र या घराशी काही नातं नाही. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, पण कूळ वेगळं. संस्कृतात अस्वलाला ‘ऋक्ष’, ग्रीकमध्ये ‘आर्क्टोस’ आणि लॅटिनमध्ये ‘उर्सुस’ म्हणतात, आणि हे तिन्ही शब्द एकाच जुन्या शब्दापासून आले आहेत. इंग्रजी-जर्मन बोलणाऱ्यांच्या पूर्वजांकडे हा शब्द टिकला नाही. उत्तरेच्या जंगलात राहणारी ती माणसं अस्वलाचं खरं नाव घ्यायला घाबरत, म्हणून त्याला ‘तो तपकिरी’ म्हणत, असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपल्या खेड्यांत आजही रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात.

‘आय बॉर्न इन पुणे’

बेअर, बोअर, बॉर्न. तीन रूपं पाठ असतात, तरी तिसऱ्यापाशी भलेभले अडखळतात, कारण तिथे एकाच उच्चाराची दोन स्पेलिंगं आहेत. एक बी-ओ-आर-एन, दुसरं त्याच्यामागे ‘ई’ लावलेलं. पूर्वी ही दोन्ही सरमिसळ लिहिली जात. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांची वाटणी पक्की झाली. ‘ई’ नसलेलं रूप फक्त जन्मासाठी, आणि तेही ‘जन्मलो’ अशा अर्थानेच. बाकी सगळीकडे ‘ई’ असलेलं: वाहिलेलं, सोसलेलं, पेललेलं. म्हणून डासांमुळे पसरणारा डेंग्यू हा ‘मॉस्किटो-बॉर्न’ आजार ‘ई’ लावूनच लिहायचा. डास तो आजार वाहून आणतात. आजार डासापोटी जन्माला येत नाही. ‘वॉटर-बॉर्न’, ‘एअर-बॉर्न’ यांचंही तसंच. आरोग्याच्या सूचनाफलकांवर ‘ई’ गाळलेला दिसतो तेव्हा कावीळ पाण्यात जन्मल्याचं जाहीर होतं.

एक गंमत अशी की खुद्द आईबद्दल बोलताना, ‘तिने तीन मुलांना जन्म दिला’ असं सांगताना, पुन्हा ‘ई’वालंच रूप लागतं. तिच्या बाजूने ते वाहणंच असतं. नऊ महिने पोटात वाहिलं. मुलाच्या बाजूने बोलायचं झालं तरच ‘ई’ जातो.

आता मराठी मुलांची हमखास होणारी चूक बघू: ‘आय बॉर्न इन पुणे’. मधला ‘वॉज’ गळतो आणि बाई लाल शाईने गोल करतात. पण चूक का होते? कारण मराठीत आपण ‘मी पुण्यात जन्मलो’ म्हणतो, जसं ‘मी पुण्यात वाढलो’, ‘मी पुण्यात शिकलो’. जणू जन्म घेणं हे आपणच केलेलं काम. इंग्रजीत ते आपलं काम नाही. ‘आय वॉज बॉर्न’ हा कर्मणी प्रयोग आहे, शब्दशः ‘मला वाहिलं गेलं’. वाहणारी कोण, ते वाक्यात सांगितलेलं नाही, पण तिच्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही. त्या इवल्याशा ‘वॉज’मध्ये आई बसलेली आहे. मुलांना नियम सांगण्याऐवजी हे सांगून बघा. माझ्या अनुभवात त्यानंतर ‘वॉज’ क्वचितच गळतो.

जाता जाता ‘बोअर’चंही सांगून टाकते. ‘बेअर’चा भूतकाळ ‘बोअर’, पण बोअरवेलचा ‘बोअर’ हे भोक पाडण्याचं निराळं क्रियापद. आणि ‘पिक्चर फार बोअर होता’ मधला ‘बोअर’ तिसराच कुणी.

पाळण्यापासून तिरडीपर्यंत

‘बेअर’च्या घरातली सख्खी माणसं कोण? ‘बर्थ’ म्हणजे जन्म, हे तर उघड आहे. ‘बर्डन’ म्हणजे ओझं. स्कॉटलंडमध्ये लेकराला ‘बेर्न’ म्हणतात, म्हणजे पोटी वाहिलेलं. ‘व्हीलबॅरो’मधला ‘बॅरो’, म्हणजे बांधकामावर विटा-वाळू वाहणारी एकचाकी गाडी, हाही याच घरातला. आणि ‘बिअर’. नाही, बाटलीतली नव्हे! बी-आय-ई-आर अशा स्पेलिंगचा ‘बिअर’ म्हणजे तिरडी, जिच्यावरून माणसाला शेवटचं वाहून नेतात. तिला खांदा देणारा तो ‘पॉलबेअरर’, आपला खांदेकरी.

जन्म आणि तिरडी एकाच क्रियापदाच्या पोटी, हे ऐकून दचकायला होतं. पण मराठीतही तेच आहे. ‘तिचे दिवस भरत आले’ म्हटलं की घरात बाळंतविड्याची तयारी सुरू होते, आणि ‘त्याचे दिवस भरले’ म्हटलं की अंगावर काटा येतो. ‘भरणं’ हे क्रियापद दोन्हीकडे तेच. ते ‘बेअर’चंच नात्यातलं आहे, त्याकडे येतेच.

रेल्वेचा ‘बर्थ’ही बहुधा याच कुटुंबातला, असं इंग्रजी शब्दकोश मानतात. आधी जहाजाला हलायला-वळायला लागणारी मोकळी जागा, मग जहाज उभं करायची जागा, मग खलाशाची झोपायची फळी आणि तिथून आपल्या स्लीपर कोचचा लोअर-अपर. देवनागरीत जन्माचा ‘बर्थ’ आणि झोपायचा ‘बर्थ’ सारखाच लिहितात, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. इंग्रजीत पहिल्याला ‘आय’, दुसऱ्याला ‘ई’.

आणि ‘बेअरर’? तो तर तुमच्या पर्समध्ये आहे. शंभराची नोट काढा. गव्हर्नरांच्या सहीच्या वर जे वचन छापलेलं असतं त्यात हिंदीत ‘धारक’ आणि इंग्रजीत ‘बेअरर’ असा शब्द आहे. ज्याच्या हातात नोट, त्याला तेवढे रुपये देण्याचं ते वचन. एक रुपयाच्या नोटेवर मात्र ते सापडणार नाही, कारण ती रिझर्व्ह बँक काढत नाही, भारत सरकार काढतं. बेअरर चेकचं तत्त्वही हेच, चेक घेऊन येईल त्याला पैसे. म्हणून तर तो हरवला की जीव टांगणीला लागतो.

इंग्रजांच्या काळात भारतात ‘बेअरर’ म्हणजे पालखी वाहणारा, आपला भोई. बंगालकडे साहेबाचे कपडे, घरसामान आणि कधी कधी रोकडही सांभाळणाऱ्या घरगड्याला हेच नाव पडलं. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशात दोन्ही अर्थ दिलेले आहेत. पुढे तो क्लबांत आणि हॉटेलांत ताटं वाहू लागला आणि हिंदीत ‘बैरा’ झाला.

‘बेअरिंग’ तर मराठीच झालंय. पंखा खरखरला की मिस्त्री सांगतो, ‘बेरिंग गेली’. फिरणाऱ्या दांड्याचा भार जी पेलते ती बेअरिंग. माणसाची ‘बेअरिंग’ म्हणजे स्वतःला वाहण्याची ढब, चालण्या-बोलण्यातला रुबाब. तोच अंगावर यायला लागला की ‘ओव्हरबेअरिंग’, म्हणजे दडपणारा. असा एखादा आत्या-मामा प्रत्येक घरात असतो. मुंबई-पुण्यात जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना ‘लोड-बेअरिंग’ हा शब्द वेगळा समजावून द्यायला नको. आरसीसीच्या इमारतीत भार खांब आणि तुळया घेतात. लोड-बेअरिंगच्या इमारतीत तो भिंतीच घेतात. म्हणून स्वयंपाकघर मोठं करायच्या हौसेपायी अशा इमारतीत भिंत पाडायची नसते. ती नुसती आडोसा नसते, वरचे मजले तिच्या डोक्यावर असतात.

एका तोतयाची ओळखही इथेच करून द्यायला हवी. ‘फॉरबेअर’ म्हणजे संयम ठेवणं, स्वतःला आवरणं. तो या घरातलाच. त्याच्यात एक ‘ई’ जास्त घातला की ‘पूर्वज’ असा अर्थ होतो. या दुसऱ्याचा ‘बेअर’शी काडीचा संबंध नाही. तो ‘फोर’ म्हणजे आधी आणि ‘बी-अर’ म्हणजे असणारा, असा जुळवलेला शब्द आहे. पूर्वजांनी आपल्याला वाहिलं, असा गोड अर्थ काढायचा मोह होतो, पण तो खरा नाही.

आपल्या घरातला ‘बेअर’

आता नात्याचं. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना तिथले न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्यांचा उगम एक असला पाहिजे. तीस वर्षांनी, १८१६ साली, फ्रान्झ बॉप या तरुण जर्मन अभ्यासकाने ते क्रियापदांची रूपं शेजारी ठेवून दाखवलं. ‘बेअर’ हे अशा तुलनेचं लाडकं उदाहरण. संस्कृत ‘भरामि’, ग्रीक ‘फेरो’, लॅटिन ‘फेरो’, आणि जुन्या इंग्रजीतलं ‘बेरान’. अर्थ एकच, वाहणं.

‘भ’चा ‘ब’ कसा झाला, तर एकट्यादुकट्या शब्दात नव्हे, ओळीने सगळीकडे. भ्राता – ब्रदर. भ्रू म्हणजे भुवई – ब्राउ. भूर्ज, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहीत – बर्च. १८२२ मध्ये याकोप ग्रिम यांनी अशा ध्वनिबदलांचे नियम मांडले. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरले ते हेच. मुलांना हा खेळ आवडतो, कारण त्यात कोडं सुटल्याचा आनंद असतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरूच्या मराठी घरांत मूल घरी एक भाषा, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी बोलतं. हे आपण त्याच्यावरचं ओझं समजतो, पण या खेळात ते मूल पुढे असतं. ‘भार’ हा शब्द बंगालीत आहे, कन्नडमध्ये आहे, तेलुगूत आणि तमिळमध्येही जाऊन बसला आहे. हिंदीत गरोदर बाईचे ‘पाँव भारी’ होतात.

मराठीत तर याचं गोकुळ आहे. गवताचा भारा. नव्या साहेबांनी स्वीकारलेला पदभार. लग्नघरात शेजाऱ्यांनी लावलेला हातभार, म्हणजे ओझ्याला लावलेला हात. ‘आभारी आहे’ म्हणजे तुमच्या उपकाराचा भार माझ्यावर आहे. रोज दहा वेळा म्हणतो आणि त्यातला भार विसरतो. ‘भरणं’ही त्यातलंच: पाणी भरणं, फी भरणं, सवाष्णीची ओटी भरणं. आणि सगळ्यात गोड रूप म्हणजे ‘भरवणं’. मांडीवरच्या लेकराला चिऊ-काऊचे घास भरवणारी आई जे क्रियापद वापरते, ते इंग्रजी ‘बेअर’चं सख्खं चुलत भावंड आहे.

फारसीतून आलेली पाहुणे मंडळी वेगळीच. फारसीत ओझं म्हणजे ‘बार’. मार्केट यार्डात पोत्याचं वजन करताना वजा करतात ते ‘बारदान’, म्हणजे माल ठेवायचं पोतं. मराठा फौजेतला ‘बारगीर’ हा सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. फारसीतल्या ‘नेणं’ या क्रियापदातून आलेला ‘बर’ तर आणखी ओळखीचा. संदेश नेणारा तो पैगंबर, वाटेने नेणारा रहबर, आणि हृदयच उचलून नेणारा दिलबर! सिनेमातली गाणी ऐकताना ‘बेअर’ आठवायला हरकत नाही.

हिंदीतलं ‘बरदाश्त’, म्हणजे सोसणं, अर्थाने अगदी इथलं वाटतं, पण ते परकं आहे. त्यातला ‘बर’ म्हणजे ‘वर’, आणि पुढचं क्रियापद आपल्या ‘धारण’चं नातेवाईक. हाच शब्द मराठीत येऊन ‘बडदास्त’ झाला. हिंदीत सोसणं, मराठीत पाहुण्यांची सरबराई. दोन्हीत फार अंतर आहे असं काही जणी म्हणणार नाहीत.

लॅटिनवाले चुलत भाऊ

लॅटिन ‘फेरो’ची मुलं इंग्रजीत इतकी पसरली आहेत की ऑफिसात दिवस त्यांच्याशिवाय जात नाही. ट्रान्स्फर म्हणजे पलीकडे वाहून नेणं. रेफर म्हणजे मागे नेणं. प्रेफर, पुढे ठेवणं. डिफर, वेगवेगळ्या दिशांना नेणं. ऑफर, समोर आणून धरणं. सफर, खालून पेलणं, म्हणजेच सोसणं. एकदा हा ‘फर’ ओळखला की अर्थ आपोआप सुटत जातात.

स्पेलिंगची एक अडचणही सुटते. भूतकाळ करताना रेफर, प्रेफर, ट्रान्स्फर यांचा शेवटचा ‘आर’ दोनदा लिहितात, पण ऑफर, सफर, डिफर यांचा एकदाच. का? मोठ्याने म्हणून बघा. रे-फर म्हणताना जोर ‘फर’वर पडतो, ऑ-फर म्हणताना आधीच्या अक्षरावर. जोर ‘फर’वर असेल तर ‘आर’ डबल. ‘रेफरन्स’ म्हणताना जोर पुन्हा पुढे सरकतो, म्हणून तिथे ‘आर’ एकच. शिकवणीत हा नियम कुणी सांगितला तर वर्षानुवर्षांचं खोडणं वाचेल.

लॅटिनमध्ये ‘फेरो’ला स्वतःचं भूतकाळवाचक धातुसाधित नव्हतं, ते दुसऱ्याच धातूचं ‘लातुस’ उसनं घ्यायचं. विचित्र वाटतं ना? पण आपणही ‘जातो’चा भूतकाळ ‘जाला’ करत नाही, ‘गेला’ करतो. या उसनवारीमुळे ट्रान्स्फर आणि ट्रान्स्लेट ही एकाच क्रियापदाची दोन रूपं ठरतात, रेफर आणि रिलेट ही तशीच. त्या दुसऱ्या धातूचे नातलगही आपल्याकडे आहेत: तुला, तुलना, तोलणं. इंग्रजीत त्याच घरचं ‘टॉलरेट’, म्हणजे पुन्हा सहन करणंच.

ग्रीक शाखेत फॉस्फरस आहे, म्हणजे प्रकाश वाहणारा. ‘मेटाफर’, आपलं रूपक, हेही तिथलंच. अर्थ पलीकडे वाहून नेणारं. आजच्या ग्रीसमध्ये घरसामान हलवणाऱ्या ट्रकवर ‘मेटाफोरेस’ असं लिहिलेलं असतं. कविता नव्हे, पॅकर्स अँड मूव्हर्स.

कोण कोणाला वाहतं?

या धातूने संस्कृतात जी नाती घडवली ती मात्र नुसत्या गमतीची नाहीत. पाणिनीय धातुपाठात ‘भृ’चे धारण आणि पोषण हे दोन्ही अर्थ येतात, म्हणजे धरणं आणि पोसणं. त्यावरून नवरा झाला ‘भर्ता’, भार वाहणारा. जुन्या ओव्यांतला भ्रतार तो हाच. बायको झाली ‘भार्या’, जिला पोसायचं आहे ती. आणि ज्याला पोसायचं तो नोकरही झाला ‘भृत्य’. व्याकरणाच्या दृष्टीने भार्या आणि भृत्य एकाच साच्यातून निघतात, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा घास घशात अडकतो. लग्नपत्रिका छापताना कुणी याचा विचार करत नाही, हे बरंच आहे.

त्याच धातूचं इंग्रजी रूप मात्र बाईला कर्ता करतं. ‘शी बोअर अ चाइल्ड’ मध्ये वाहणारी ती आहे. संस्कृत नात्याने कमाईचं ओझं पाहिलं, इंग्रजी क्रियापदाने गर्भाचं. दोन्ही ओझी खरी आहेत, पण मोजताना पहिलंच बहुतेक वेळा मोजलं गेलं. पाणी भरणारी, ओटी भरणारी, भरवणारी बाई शब्दकोशात ‘पोसली जाणारी’ म्हणून नोंदली गेली. माझ्या मते हा हिशोब सपशेल चुकलेला आहे, आणि तो आपल्या घरातल्या अनेक भांडणांच्या मुळाशी अजूनही असतो.

महाभारताने हा प्रश्न राजसभेतच उभा केला आहे. आदिपर्वातली शकुंतला मुलाला घेऊन दुष्यंताकडे येते. इथे कालिदासाची अंगठी नाही, शाप नाही, विसरणं नाही. दुष्यंताला सगळं आठवतं, तरी तो ओळख नाकारतो. शकुंतला रडत नाही, त्याला सुनावते. शेवटी आकाशवाणी होते की हा तुझाच मुलगा आहे, याचं भरण कर. आणि त्या ‘भरण’वरूनच सर्वदमनाचं नाव पडतं भरत. आपल्या देशाच्या नावाची सांगड अनेक जण याच भरताशी घालतात. भागवत आणि जैन परंपरा ऋषभदेवांच्या मुलाकडे, दुसऱ्या भरताकडे बोट दाखवतात. पण महाभारताच्या गोष्टीपुरतं बोलायचं तर ते नाव म्हणजे एका बापाला दिलेला आदेश आहे.

आजचा कायदा तेच निराळ्या भाषेत सांगतो. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १४४, पत्नी, मुलं आणि स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे आईवडील यांच्या पोटगीसाठी आहे. मूल विवाहातून झालेलं असो वा नसो, त्याचा हक्क तोच. मुलीचं लग्न झालं म्हणून आईवडिलांचा भार फक्त मुलाचा, ही समजूतही सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली मोडली. ऐपत असेल तर विवाहित मुलगीही आईवडिलांना सांभाळायला बांधील आहे. ‘भर्ता’ हा शब्द पुल्लिंगी राहिला, जबाबदारी राहिली नाही.

२००७ साली वृद्ध आईवडिलांसाठी केंद्राने स्वतंत्र कायदा केला. त्याच्या हिंदी नावात ‘भरण-पोषण’ हेच शब्द आहेत. इंग्रजी नावात तिथे ‘मेंटेनन्स’ आहे. तो फ्रेंचमधून आला, त्याचा मूळ अर्थ ‘हातात धरून ठेवणं’. हाच शब्द आपण दर महिन्याला हाऊसिंग सोसायटीला लिफ्टसाठी आणि पाण्याच्या टाकीसाठी भरतो. पण ते कुटुंब वेगळं, त्याच्या घरी पुन्हा कधीतरी जाऊ.